गाळलेली ओळ

आत्याने कात्रीचं टोक चिकटपट्टीखाली घातलं आणि एका दमात ती कापत नेली. खोकं उघडल्यावर आत काय आहे ते तिने पाहिलं नाही. आधी नाक जवळ नेऊन वास घेतला. मग सुती हातमोज्यांवर रबरी हातमोजे चढवले, मनगटापर्यंत नीट ओढून घेतले, आणि बाटल्या एकेक करून जेवणाच्या टेबलावर मांडायला सुरुवात केली.

"नुसत्या बघायच्यात गं," भाची म्हणाली. "उघडणार थोडीच आहोत आज."

एका बाटलीच्या बुडाशी ओल होती. ती आत्याने कागदाने टिपली, कागदाची घडी घातली आणि पिशवीत टाकून पिशवीचं तोंड बांधलं.

टेबलावर तीन खोकी होती. तिन्हींमध्ये एकाच कामाची रसायनं होती, रंगीत फिल्मचा रोल घरच्या घरी धुण्याची. भाची एका वास्तुशिल्पीच्या कचेरीत नकाशे काढायची. वर्षभरापूर्वी तिने एक जुना कॅमेरा मिळवला आणि तेव्हापासून ती रोलवर रोल संपवत होती. शहरात रंगीत रोल घेणारी एकच लॅब उरली होती आणि ती तीन-तीन आठवडे लावायची. म्हणून आता न्हाणीघरातच धुवायचं असं तिने ठरवलं होतं. कुठल्या खोक्यावर भरवसा ठेवावा एवढंच सांग, असं ती दोन महिने आत्याच्या मागे लागली होती. आत्या दोन महिने आज नको, उद्या बघू करत होती.

या बाबतीत आत्याइतकं कळणारं घरात दुसरं कोणी नव्हतं. बावीस वर्षं तिने एका रंगीत लॅबमध्ये रसायनं मिसळण्याचं काम केलं होतं. लॅब बंद पडून अकरा वर्षं झाली. तेव्हापासून तिने फिल्मला हात लावला नव्हता, आणि कोणी तो विषय काढला तर ती उठून खिडक्या लावायला जायची.

तिचे हात कशाने गेले ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बोलताना मात्र सगळे 'तिला साबण सोसत नाही' एवढंच म्हणायचे. थंडी पडली की तिच्या बोटांच्या पेरांना चिरा जायच्या. शर्टाची बटणं लावताना ती ओठ मिटून घ्यायची. आता ती एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या खिडकीवर बसत होती, आणि तिथल्या हजेरीच्या यंत्राला तिचा अंगठा ओळखता यायचा नाही. रोज सकाळी ते तीनदा 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणायचं. मग ती वहीत सही करायची. तुम्ही दरोडा घाला, पकडल्या जाणार नाही, असं तिथला शिपाई एकदा म्हणाला होता. त्यावर ती हसली होती. तो दर आठवड्याला तेच म्हणायला लागल्यावर तिने हसणं सोडून दिलं.

पहिलं खोकं परदेशातलं होतं. पुड्यांमधली पूड होती आणि माहितीपत्रक सहा भाषांत. आत्याने ते बाजूला सारलं. माल चांगला आहे, ती म्हणाली, पण न्हाणीघराएवढ्या जागेत पूड उडते आणि नाकात जाते. दुसऱ्यात द्रवाच्या बाटल्या होत्या. लेबल इतकं नीरस की कोणी वाचायलाही जाणार नाही. निम्मं लेबल सूचनांनीच भरलेलं होतं: हात सांभाळा, डोळे सांभाळा, मुलांपासून दूर ठेवा. खाली बाटली भरल्याची तारीख होती आणि कधीनंतर वापरू नये तीही तारीख होती. आत्याने त्या तारखांवर बोट ठेवलं.

"याचे रंग मरगळलेले येतात म्हणतात सगळे," भाची म्हणाली. "तिसरं बघ ना. सध्या जो तो तेच घेतोय."

तिसरं खोकं देखणं होतं. झाकणावर टबापाशी उभी असलेली हसरी मुलगी काढली होती, हातात ओली फिल्म. 'सुटसुटीत. सुरक्षित. पहिल्याच रोलपासून स्टुडिओसारखे रंग.' आणि त्याखाली, बारीक पण स्पष्ट अक्षरांत: 'हातमोज्यांची गरज नाही.'

आत्याने खोकं फिरवून सगळ्या बाजूंनी पाहिलं. आत काय काय आहे ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. मग तिने आतला कागद उलगडला आणि ओळीखाली बोट फिरवत वाचू लागली. तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं.

'आधी पाणी, मग पहिली बाटली, ती पुरती मिसळल्यावरच दुसरी. ढवळताना फेस आला तर चुकलात. पाणी किती गरम आहे ते मनगटाला विचारू नका, थर्मामीटरला विचारा.'

तिने कागद टेबलावर उपडा ठेवला आणि समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणाली, "अडतीस म्हणजे अडतीस. साडेसदतीस हा आळस, साडेअडतीस ही घाई."

भाचीने कागद उचलून पाहिला. पुढची ओळ तीच होती, काना-मात्रेसकट.

"तू वाचलं होतंस हे आधी?"

"मी लिहिलंय."

लॅबमध्ये रसायनं मिसळायची एक वेगळी खोली होती, तिला सगळे मिक्सिंग म्हणायचे. तिथल्या भिंतीवर आत्याने पुठ्ठ्याचा एक तक्ता लावला होता, निळ्या शाईत, स्वतःच्या अक्षरात. नवीन माणूस आला की आधी तो तक्ता पाठ करायचा. काउंटरवरची माणसं चहा पिताना त्यातल्या ओळी तिच्या आवाजाची नक्कल करून म्हणायची. तिलाही सगळे मिक्सिंगताईच म्हणायचे, अगदी मालकसुद्धा.

आत्याने कागद परत घेतला आणि ओळी मोजल्या. दहा भरल्या. तक्त्यावर अकरा होत्या. कोणती नाही हे शोधायची तिला गरज पडली नाही. ती सगळ्यांत वर होती, तिने नंतर घातलेली, एकटीच लाल शाईतली: 'हातमोजे घातल्याशिवाय एकही झाकण उघडू नये.'

कागदाची कड तिच्या हातात चुरगळत गेली. कागद पाहून झाल्यावर भाचीने दोन्ही हात पुन्हा टेबलाखाली, मांडीवर घेतले होते. आत्याचं लक्ष आता तिकडे गेलं.

"हात दाखव."

"काही नाही गं, थोडं खाजतंय."

"दाखव म्हणते ना."

बोटांच्या बेचक्यांत लाल पुरळ उठलं होतं, उजव्या हाताला जास्त. भाचीने मग कबूल केलं. आत्या हो म्हणेपर्यंत तिला धीर निघाला नव्हता. गेल्या आठवड्यात तिने तिसऱ्या खोक्यातल्या मालाने दोन रोल धुतले होते, उघड्या हातांनी. खोक्यावर तसं लिहिलंच होतं. आणि निकाल इतका सुंदर आला होता की पुरळाचं तिला काही वाटलं नव्हतं.

"आण," आत्या म्हणाली.

भाचीने निगेटिव्हची पट्टी आणली. आत्याने ती कडेने धरून खिडकीच्या उजेडात वर केली. नजर टाकल्याबरोबर तिला कळलं. फिल्मचा नारिंगी थर स्वच्छ होता, सावल्यांत तपशील भरलेला, उजळ भागही कुठे उडालेले नाहीत. बावीस वर्षं तिने या एका गोष्टीसाठी जीव टाकला होता, आणि आता ती गोष्ट या पोरीच्या न्हाणीघरातून जशीच्या तशी बाहेर आली होती. क्षणभर तिला बरं वाटलं. आणि बरं वाटलं हे लक्षात येताच तळपायाची आग मस्तकात गेली.

"रंग चांगले आलेत," ती म्हणाली. ज्या आवाजात ती हे म्हणाली तो ऐकून भाचीने पट्टी चटकन परत घेतली.

खोक्याच्या तळाशी पत्ता होता. शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीतला एक गाळा. शनिवारची दुपार होती, वाचनालय बंद होतं. आत्याने बाटल्या खोक्यात परत भरल्या, हातमोजे न काढताच खोकं काखेत मारलं आणि भाचीला स्कूटर काढायला सांगितलं.

स्कूटरवर मागे बसून ती वाटभर वाक्यं जुळवत होती. त्यातली बरीचशी जुनीच होती. हातमोज्यांसाठी तिने मालकांकडे तीन अर्ज केले होते. पहिल्या अर्जावर ते म्हणाले, रबराच्या हातातून बाटली निसटते, फुटली तर कोण भरून देणार. दुसरा अर्ज त्यांनी खणात ठेवला आणि खण बंद केला. तिसऱ्या वेळी त्यांनी तिच्या हातांकडे पाहून आपुलकीने विचारलं होतं, घरी साबण कुठला वापरता? ते आठवून तिने भाचीच्या पाठीमागे दातओठ खाल्ले. सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा शेजारच्या गाडीतला माणूस तिच्याकडे पाहायला लागला, तेव्हा कुठे तिला कळलं की आपण मोठ्याने बोलतो आहोत.

गाळ्याचं शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. दोघी वाकून आत गेल्या. आत दोन निळी पिंपं होती, भिंतीलगत खोक्यांच्या चळती, आणि मध्ये लांब टेबलाशी दोन बायका नरसाळ्याने बाटल्या भरत होत्या. चौघींपैकी हातमोजे एकट्या आत्याच्याच हातात होते. टोकाच्या टेबलामागे लॅबचे जुने मालक बसले होते. वयाने वाळले होते, पण चष्मा तोच, आणि खिशाला तशीच दोन पेनं.

तिला पाहून ते उठूनच उभे राहिले.

"मिक्सिंगताई," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा खरोखरच फुलला.

त्यांनी खुर्ची पुसून घेतली. लांब टेबलाशी असलेल्या बायकांना सांगितलं, याच त्या, तक्ता यांचाच. बायकांनी तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. तिथे तो खराच लावलेला होता, तोच पुठ्ठा, खालचा कोपरा ओलीने फुगलेला. निळी शाई अजून शाबूत होती. वरची लाल ओळ उडून उडून फिकी झाली होती, जवळ गेल्याशिवाय दिसणार नाही इतकी.

मालक बोलत होते. लॅब बंद केल्यावर दोन वर्षं हातावर हात धरून बसलो, मग ही तरुण मुलं जुने कॅमेरे घेऊन हिंडताना दिसायला लागली, आणि माळ्यावरचा तक्ता आठवला. तुम्हाला फोन करायचा होता, नंबर बदललेला होता. तुमच्या शब्दांवरच हे सगळं चाललंय, ते म्हणाले. त्यात कुठेही खोट नव्हती. आत्याला वाटलं होतं ते लपवतील, हात झटकतील. ते कौतुक करत होते.

ती बसली नाही. पहिली ओळ कुठे गेली एवढंच तिने विचारलं.

मालकांनी तक्त्याकडे पाहिलं. लाल शाई उडाली होती, ते म्हणाले, टाइप करणाऱ्याला दिसली नसेल.

आत्याने काखेतलं खोकं त्यांच्यासमोर ठेवलं आणि झाकणावरच्या शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं. "आणि हे? हे कुठल्या शाईत होतं?"

मालक चष्मा काढून पुसता पुसता समजुतीच्या सुरात सांगू लागले. हौशी माणूस महिन्याला एखादा रोल धुतो, त्याला काय होणार आहे. हातमोजे म्हटलं की लोक बिचकतात. दुसरे लेबलभर सूचना छापतात, त्यांचा माल दुकानात धूळ खात पडतो. आणि तुम्हालाही माहीत आहे, ते म्हणाले, रबराच्या हातातून बाटली निसटते.

ते वाक्य ऐकल्यावर आत्याने स्कूटरवर जुळवलेलं सगळं सोडून दिलं. ती मालकांकडे पाठ करून लांब टेबलापाशी गेली. आधी रबरी हातमोजे काढले, मग सुती. दोन्ही हात, तळवे वर करून, तिने बाटल्यांच्या मध्ये ठेवले. बोटांच्या टोकांवर कातडी चकचकीत आणि सपाट झाली होती, एकही रेघ नसलेली. पेरांवरच्या चिरा काळपट होत्या.

"बावीस वर्षं," ती म्हणाली. "यातल्याच बाटल्या."

दोघींपैकी थोरल्या बाईने नरसाळं खाली ठेवलं. ती त्या हातांकडे पाहत राहिली. मग आपला हात तिने कमरेच्या फडक्याला पुसला, पुसलेला पुन्हा पुसला.

"मला घरच्या साबणाने होतं," ती म्हणाली.

"असं कोण म्हणालं?"

बाईची नजर फक्त एकदा टोकाच्या टेबलाकडे जाऊन आली. पिंपाच्या तोटीखाली थेंब पडत होता, तेवढाच आवाज गाळ्यात राहिला. भाचीने आपला हात आत्याच्या हातांशेजारी ठेवला, बोटं फाकून. दोन रोलमध्ये झालं हे, तिने त्या बाईला सांगितलं.

मालक जागेवरून उठून आले. त्यांचा चेहरा आता उतरला होता. आवाज मात्र चढला नाही. बावीस वर्षांत कोणी त्यांना आवाज चढवताना ऐकलं नव्हतं.

"ताई, मिक्सिंगमधली धाकटी आठवते का तुम्हाला?"

आत्याने हातमोजे उचलले, पण घातले नाहीत.

"तुमच्या हाताखाली होती. आठ महिन्यांत हात सुजले पोरीचे. ती माझ्याकडे आली होती, पण त्याआधी तुमच्याकडे जाऊन आली होती. तुम्ही काय सांगितलंत तेही तिने मला सांगितलं. सवय होते, म्हणालात. दोन महिने कळ काढ, हात निबर होतात. मग मी तिला वेगळं काय सांगणार होतो? मिक्सिंगमधलं माझ्यापेक्षा तुम्हाला कळायचं."

"मालक तुम्ही होतात."

"होतो ना. नाही कुठे म्हणतोय."

"तिच्यानंतरच मी ती ओळ लिहिली. तीन अर्ज केले."

"तिच्यानंतर," मालक म्हणाले.

भाची आत्याकडे पाहत होती. आत्याला ते कळत होतं, पण तिने मान वळवली नाही. टेबलावर खोक्यांवर आकडे घालायची काळी जाड पेनं पडली होती. त्यातलं एक तिने घेतलं, एक स्टूल भिंतीपाशी ओढलं, वर चढली आणि उडालेल्या लाल अक्षरांवरून काळं पेन फिरवू लागली. उघड्या बोटांना पेन नीट धरता येत नव्हतं. अक्षर वाकडंतिकडं आलं. तिला कोणी थांबवलं नाही. तिचं होईपर्यंत दोन्ही बायका खाली उभ्या राहून एकेक शब्द वाचत होत्या.

खाली उतरल्यावर तिने एका खोक्याचं झाकण फाडलं, ज्याने हात जातात त्या रसायनाचं नाव त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि ते थोरल्या बाईच्या हातात दिलं. त्वचेच्या डॉक्टरकडे जा, तिने सांगितलं, आणि साबणाचं नाव काढू नका, हे नाव दाखवा. बाईने तुकडा घडी घालून फडक्याच्या गाठीत बांधला. मालकांना आत्याने एवढंच सांगितलं की सोमवारपर्यंत इथे हातमोजे आणि खोक्यांवर नवी लेबलं दिसली नाहीत तर आपल्या हातांचा फोटो या खोक्यासकट जाईल, कॅमेरे घेऊन हिंडणाऱ्या प्रत्येक मुलापर्यंत. कसा पाठवायचा ते भाचीला ठाऊक आहे.

"माझं बंद पडेल," मालक म्हणाले. "आणि या दोघींचंही."

"मग लेबलं बदला," आत्या म्हणाली, आणि आणलेलं खोकं पुन्हा काखेत मारून शटरखालून वाकून बाहेर पडली.

घराखाली स्कूटर लावल्यावर भाचीने किल्ली काढली, पण ती उतरली नाही.

"तू खरंच म्हणाली होतीस तसं? त्या मुलीला?"

"हो."

"तुझे हात तेव्हा चांगले होते?"

आत्याने जिन्याकडे पाहिलं. नव्हते, तिने सांगितलं. दोन वर्षं आधीच सुरुवात झाली होती. पण मिक्सिंगची खोली तिच्याआधी कुठल्याच बाईच्या हातात आली नव्हती. हात सुजतात म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी तिला काउंटरवर फोटोंची पाकिटं द्यायला बसवलं असतं. म्हणून तिने कोणाला कळू दिलं नव्हतं. आणि जी गोष्ट आपण लपवतो आहोत ती दुसरीने उघड बोलावी, याचा तिला त्या पोरीचा राग आला होता. हे शेवटचं ती बोलली तेव्हा भाची स्कूटरवरून उतरून पुढे चालायला लागली होती. तिने ऐकलं की नाही ते कळलं नाही.

वर गेल्यावर भाचीने टेबलावर राहिलेली दोन्ही खोकी हलवली. कुठलं वापरायचं हे तिने विचारलं नाही. निम्मं लेबल सूचनांनी भरलेलं दुसरं खोकं तिने आपल्या पिशवीत ठेवलं आणि आत्याच्या कपाटातून रबरी हातमोज्यांची एक जोडी काढून घेतली. मग ती चहा टाकायला आत गेली. एरवी जाता जाता ती काहीतरी बडबडायची.

आत्या खिडकीशी बसली. पाच वाजले असतील. धाकटीचा नंबर तिच्याकडे होता. सहा वर्षांपूर्वी लॅबमधल्या एका जुन्या माणसाने दिलेला, आपण होऊन. फोनमध्ये नावं वर-खाली सरकवताना तो रोज नजरेखालून जायचा. तिने तो दाबला आणि फोन कानाला लावला.

तिकडे नळ चालू होता. कोण, असं विचारल्याचा आवाज आला. आत्याने आपलं लॅबमधलं नाव सांगितलं, तसा नळ बंद झाला.

"ताई," धाकटी म्हणाली. कशा आहात, असं तिने विचारलं नाही.

जे सांगायचं होतं ते आत्याने सांगितलं. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले. माझे हात तेव्हाच गेले होते. मला माहीत होतं. तिला वाटलं होतं पुष्कळ बोलावं लागेल, पण ते तिथेच संपलं.

"मला ठाऊक होतं," धाकटी म्हणाली. "तुम्ही हात एप्रनच्या खिशात ठेवायचात. डबा खायच्या वेळी तेवढे बाहेर काढायचात. मी पाहिले होते, म्हणून तर मी तुमच्याकडे आले. वाटलं, यांना सांगितलं तर या समजून घेतील." ती थांबली. "साहेबांचा मला राग नाही आला. त्यांना यातलं काही कळतच नव्हतं. राग तुमचा आला."

"हो."

"सतरा वर्षं झाली, ताई. आता हे काढून काय करायचं तेच मला कळत नाहीये."

चहाचा कप घेऊन भाची दारात आली होती. आत्याचा चेहरा पाहून ती कप ठेवायला पुढे झाली नाही, तिथेच उभी राहिली.

"तुला वेळ असेल तर बोल," आत्या फोनमध्ये म्हणाली. "मी फोन ठेवणार नाही."

मग धाकटीने विचारलं, पहिल्या दिवशी तुम्ही मला तो पिवळा एप्रन दिलात, आणि सगळ्यांच्या देखत काय म्हणालात, आठवतंय का?

आत्याला आठवत नव्हतं. तिने तसं सांगितलं.

धाकटी मग तिथून सांगू लागली. सुरुवातीला ती शब्द शोधत, अडखळत बोलत होती. पुढे ती अडखळेनाशी झाली, आणि आवाज चढत गेला, इतका की दारात उभ्या असलेल्या भाचीलाही शब्द न् शब्द ऐकू यायला लागला. आत्याने फोन कानापासून दूर धरला नाही.